दोन खणांचा संसार : कॉलेजांतील मुलींसाठीं गृहशास्त्राचे कांहीं धडे

कॉलेजें उघडण्याचा हंगाम आला कीं गांवोगांवच्या पांढरपेशा घरांतून एकच दृश्य दिसूं लागतें. माजघरांत एक पेटी उघडी पडलेली असते. तींत कपडे, पुस्तकें, मेतकुटाची बरणी, लिंबाचें लोणचें आणि आईनें अगदीं शेवटच्या क्षणीं खुपसलेला लाडवांचा डबा हीं सर्व एकमेकांस ढकलीत बसलेलीं असतात. मुलगी पुण्यास, मुंबईस किंवा नागपुरास शिकावयास निघालेली असते. वडील पुनःपुन्हां तिकीट तपासतात, आजी देवापुढें साखर ठेवते, आणि आई डोळ्यांतलें पाणी लपविण्यासाठीं पेटीचीं कुलुपें बघत राहते. त्या पेटींत बहुतेक सर्व कांहीं असतें. एकच वस्तु बहुधा नसते, आणि ती म्हणजे आपलें आपण कसें राहावें याचें ज्ञान.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरची गोष्ट सांगतों. मुलगी मोठी हुशार. शास्त्रशाखेच्या दुसऱ्या वर्षास होती. पुण्यांत एका पेठेंतील जुन्या वाड्यांत दोन मैत्रिणींसह ती खोली घेऊन राहिली होती. दिवाळीस घरीं आली ती ओळखूं येईना. चेहरा पांढरा फटफटीत, जिना चढतांना धाप, केस गळूं लागलेले. डॉक्टरांनीं रक्त तपासलें तों रक्तांतील लोह फारच उतरलेलें. चौकशी करतां कळलें कीं सकाळीं चहा-बिस्किटें, दुपारीं कॉलेजच्या उपाहारगृहांतील वडा-पाव आणि रात्रीं भ्रमणध्वनीवरून मागविलेलें कांहींतरी, असा तिघींचा आहार चालला होता. त्यांतही महिन्याच्या वीस तारखेस पैसे संपत, आणि मग उरलेले दहा दिवस पुन्हां चहा-बिस्किटें! गणितांत प्रथम येणाऱ्या मुलीस स्वतःच्या महिन्याचें गणित सुटत नव्हतें.

आम्हीं तिच्या आईस विचारलें, "मुलीस स्वयंपाकाचें कांहींच कसें शिकविलें नाहींत?" तेव्हां त्या बाई जें बोलल्या तें आम्ही विसरूं शकत नाहीं. त्या म्हणाल्या, "अहो, माझा जन्म ओट्यापुढें गेला. पदवी घेतली ती पेटींतच राहिली. हिचें तसें होऊं नये म्हणून मीं हिला स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं दिलें नाहीं. 'तूं अभ्यास कर' एवढेंच सांगत आलें." मुलगी पलीकडे पांघरूण घेऊन पडली होती, ती हळूच म्हणाली, "आई, अभ्यास करूं दिलास हें फार चांगलें केलेंस. पण तिघींना भात किती लावावा एवढें सांगितलें असतेंस, तर माझा अभ्यास कांहीं बुडला नसता."

या दोन वाक्यांमध्यें एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आईची व्यथा खरी आहे. तिला कोणी हंसूं नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणांत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें घालवितात, तर घरकामास हात लावणारे पुरुष केवळ ९७ मिनिटें. म्हणजे बाईचे रोजचे पांच तास, तेही बिनमोल. हें ओझें मुलीच्या खांद्यावर येऊं नये असें ज्या आईस वाटतें ती शहाणीच होय. परंतु ओझें टाळण्यासाठीं विद्याच टाळावी काय? आमच्या मतें येथेंच चूक होते.

हा वाद नवा नाहीं

महाराष्ट्रांत या प्रश्नाची चर्चा शंभराहून अधिक वर्षें चालत आली आहे. स्त्री-पुरुषांस एकच शिक्षण द्यावें, व तेंही एकत्र द्यावें, हा आगरकरांचा पक्ष प्रसिद्धच आहे. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. जिन्झो नारुसे यांनीं १९०१ सालीं टोकियो येथें ती संस्था काढिली होती. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून अण्णांनीं तशाच विद्यापीठाची कल्पना आपल्या लोकांपुढें मांडली आणि १९१६ सालीं ती प्रत्यक्षांत आणिली. मातृभाषेंतून शिक्षण आणि अभ्यासक्रमांत गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांस मानाचें स्थान, हे त्याचे विशेष होते. मुलींस निराळें शिक्षण म्हणजे हलकें शिक्षण होईल, असा आक्षेप त्या वेळीं सुधारकांपैकींच कांहींनीं घेतला. आणि तो अगदींच निराधार होता असें आम्हांस वाटत नाहीं. १९२७ च्या जानेवारींत पुण्यांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, तें मुख्यतः स्त्रीशिक्षणाच्याच विचारासाठीं. आणि त्या परिषदेच्या खटपटीचें एक फळ म्हणून १९३२ सालीं दिल्लीस गृहशास्त्राचें लेडी आयर्विन कॉलेज निघालें.

पाश्चात्य देशांत ज्यांनीं या शास्त्राचा पाया घातला त्यांचें चरित्रही बोधप्रद आहे. एलेन स्वॉलो रिचर्ड्स या बाई मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील पहिल्या विद्यार्थिनी. १८७३ सालीं त्यांनीं तेथील पदवी मिळविली. त्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. आपल्या प्रांतांतील पिण्याच्या पाण्याचे हजारों नमुने त्यांनीं प्रयोगशाळेंत तपासले. पाणी, हवा आणि अन्न यांचें रसायन ज्यांस कळलें त्यांनाच घर चालविणें हेंही शास्त्र आहे असें सुचावें, यांत नवल नाहीं. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथें भरलेल्या परिषदांतून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गृहशास्त्रास एका विद्येचें रूप दिलें. त्यांचा हेतु बाईस चुलीशीं बांधावें असा नव्हता; चुलीपुढील तिचा वेळ व श्रम शास्त्राच्या साह्यानें कमी व्हावे, असा होता.

हें ध्यानांत धरून आम्ही खालीं चार धडे देत आहों. ते लग्नाच्या तयारीसाठीं नाहींत. दोन खणांच्या खोलींत राहून शिकणाऱ्या मुलीनें निरोगी, निश्चिंत आणि स्वतंत्र राहावें यासाठीं आहेत. आणि मुलगा खोली घेऊन राहात असल्यास त्यालाही यांतील एक अक्षर बदलण्याची गरज नाहीं.

पहिला धडा : पैशाचा

जपानांत मोतोको हानी नांवाच्या एक बाई होऊन गेल्या. त्या तेथील पहिल्या स्त्री-वृत्तपत्रकार समजल्या जातात. १९०४ सालीं त्यांनीं गृहिणींसाठीं 'काकेइबो', म्हणजे घरखर्चाची वही, प्रसिद्ध केली. तिची पद्धति अद्यापि टिकून आहे. महिन्याच्या आरंभीं वहींत चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावयाचीं : हातांत किती आहे? शिल्लक किती टाकावयाची? खर्च किती होतो? आणि पुढील महिन्यांत सुधारणा कशी करावी? आपल्याकडे बहुतेकजणी पहिल्या प्रश्नावरून एकदम तिसऱ्यावर उडी घेतात. दुसरा व चौथा राहूनच जातात.

आमची सूचना अशी. घरून पैसे आले कीं प्रथम खोलीचें भाडें, वीज व गॅस यांची रक्कम वेगळी काढावी. नंतर अडीअडचणीसाठीं थोडी तरी शिल्लक बाजूस टाकावी. आणि मग उरलेल्या रकमेचे चार आठवड्यांचे चार भाग करावे. महिन्याचा एकच मोठा ढीग समोर असला कीं तो अक्षय वाटतो. आठवड्याची लहान पुडी हातीं असली कीं मन आपोआप सावध होतें. रोज रात्रीं झोंपण्यापूर्वीं दोन मिनिटें हिशेब हातानें लिहावा. भ्रमणध्वनीवरून पैसे देतांना नाणें हातांतून गेल्याची जाणीव होत नाहीं. ती जाणीव लेखणीनें परत येते.

वाणसामानाची यादी अंदाजानें करूं नये. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें दिवसाच्या आहाराचा जो नमुना दिला आहे त्यांत माणशीं धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यें ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ इत्यादि ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असें प्रमाण आहे. यास तीसनें गुणिलें कीं एका मुलीची महिन्याची यादी तयार होते : धान्य साडेसात किलो, डाळी व कडधान्यें सुमारें अडीच किलो, तेल-तूप आठशें ग्रॅम. तिघी असल्यास तिप्पट. जितक्या वेळां बाहेर जेवण्याचा नेम असेल तितकें वजा करावें. हा हिशेब एकदां बसला कीं तिघींना भात किती लावावा, हा प्रश्नही सुटतो : रात्रीच्या जेवणास पोळ्यांबरोबर माणशीं अर्धी वाटी तांदूळ पुरतो, नुसत्या वरणभातावर भागवावयाचें असेल तर पाऊण वाटी घ्यावा.

दुसरा धडा : अन्नाचा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणी रक्तक्षयानें पीडित आढळल्या. तेव्हां आमच्या स्नेह्यांची मुलगी ही कांहीं अपवाद नव्हे. ती बहुमतांतील आहे! तरुण स्त्रीस रोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावें असा २०२० चा अधिकृत दंडक आहे; पुरुषास १९ पुरतें. म्हणजे घरांत भावास जितकें वाढतात तितकें तरी बहिणीस वाढलें पाहिजेच. लोहाच्या बाबतींत तर तिला अधिक हवें.

आतां गंमत अशी कीं, आपल्या आजींच्या स्वयंपाकघरांत या रोगावरील पुष्कळसे उपाय कारण न सांगतां पाळले जात होते. पोह्यांवर लिंबू कां पिळावयाचें? धान्य-भाज्यांतील लोह शरीरांत सहजासहजीं शोषिलें जात नाहीं. 'क' जीवनसत्त्व जोडीस असलें म्हणजे तें अधिक शोषिलें जातें. मात्र हें जीवनसत्त्व उष्णतेनें नाश पावतें, म्हणून लिंबू शिजतांना न घालतां पान वाढल्यावर पिळावें. मटकीस मोड कां आणावयाचे? कडधान्यांतील फायटिक आम्ल लोहास धरून ठेवतें. मोड येतांना तें कमी होतें आणि 'क' जीवनसत्त्व नव्यानें तयार होतें. सकाळीं कॉलेजास जातांना वाटीभर मटकी भिजत घालावी, संध्याकाळीं उपसून ओल्या फडक्यांत बांधावी. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं उसळीस तयार. थंडीच्या दिवसांत एक रात्र अधिक लागते, इतकेंच. हळिवाचे लाडू बाळंतिणीसच कां द्यावयाचे? हळिवांत लोह विपुल आहे. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थिनीसही ते तितकेच हितकर. लोखंडी कढईंत केलेल्या भाजींत थोडें लोह उतरतें. भाजी शिजली कीं मात्र ती लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावी, नाहींतर काळी पडते. वरणभात हाही असाच शहाणपणाचा मेळ : तांदुळाच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ पुरवितें, आणि डाळींत जें उणें तें तांदूळ.

परंतु एका संवयीबद्दल आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. ती म्हणजे जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लागलीच चहा घेण्याची. चहांतील कषायद्रव्यें लोहाचें शोषण अडवितात. चहा सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्यांत राहून तें कोणास साधणार? जेवण आणि चहा यांत तासाभराचें अंतर ठेवावें, म्हणजे झालें. आणि थकवा, धाप हीं लक्षणें दिसल्यास नुसत्या हळिवावर विसंबूं नये. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळ्या घ्याव्या. अन्न हें रोग टाळण्यासाठीं. जडलेल्या रोगास औषधही लागतें.

तिसरा धडा : इंधनाचा व वेळेचा

पाणी उकळूं लागलें कीं मग आंच कितीही वाढवा, तें अधिक तापत नाहीं. वाढते ती केवळ वाफ आणि गॅसचा खर्च. म्हणून उकळी येईपर्यंत मोठी आंच, नंतर मंद, आणि भांड्यावर सदैव झांकण, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम स्वयंपाकघरांत पाळावा. वाफ कोंडून दाब वाढविला तर पाणी अधिक उष्णतेवर उकळतें, हें डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ सालीं आपल्या यंत्रानें दाखविलें. आपला प्रेशर कुकर त्याचाच वंशज. त्यांत पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें आणि म्हणून डाळ लवकर शिजते. आपल्या देशांतही कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं 'इकमिक कुकर' काढिला. खालीं कोळशांचें भांडें, वर एकावर एक डबे आणि बाहेरून उष्णता राखणारें आवरण, अशी त्याची रचना. सकाळीं लावून कामास जावें आणि परत येतांच गरम जेवण मिळावें, हा त्याचा लाभ.

तेंच तत्त्व तुमच्या खोलींतही लागू पडतें. डाळ अर्धा तास आधीं भिजवावी. कुकरांत खालीं डाळ, मध्यें तांदूळ, वर बटाटे किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, असे तीन डबे एकदम लावावे. दाब भरून पहिली शिट्टी झाली कीं आंच मंद करावी, आणि गॅस बंद केल्यावर झांकण उघडण्याची घाई करूं नये. कोंडलेली उष्णता उरलेलें काम फुकट करते. कुकर शिजत असतां त्यापुढें उभें राहण्याचें कांहींच कारण नाहीं. तीं वीस मिनिटें पुस्तकाचीं आहेत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. शिट्टीचें छिद्र प्रत्येक वेळीं उजेडापुढें धरून पाहावें, आणि डाळ-तांदूळ असतां कुकर अर्ध्याहून अधिक भरूं नये. गॅसचा वास आल्यास दिव्याच्या बटणास हात न लावतां शेगडी व टांकीचीं बटणें बंद करावीं आणि दारें-खिडक्या उघडाव्या. बटणाची ठिणगीही अशा वेळीं पुरे होते.

चौथा धडा : सांठवणीचा व कामाच्या वांटणीचा

आपल्या आजी वर्षाचे तांदूळ एरंडेल लावून, कडुलिंबाचा पाला घालून कणगींत भरीत. तो शहाणपणा मोठ्या घराचा. दोन खणांच्या खोलींत महिन्याहून अधिक धान्य भरूंच नये. घट्ट झांकणाचे डबे, कोरडा हात आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी एवढें पुष्कळ झालें.

आणि येथें आजींची एक रीत आम्ही मोडूं इच्छितों. रात्रींचा उरलेला भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळीं फोडणीस टाकण्याची चाल घरोघर आहे. आधुनिक जंतुशास्त्र सांगतें कीं, तांदुळांतील एका जंतूचे बीजाणु शिजवूनही मरत नाहींत. कोमट भातांत ते रात्रभरांत वाढून विष निर्माण करितात, आणि तें विष फोडणीच्या उष्णतेनें नाहींसें होत नाहीं. म्हणून शीतपेटी असल्यास उरलेला भात पसरून निववून तासाभराच्या आंत तींत ठेवावा. नसल्यास उरणारच नाहीं इतका लावावा.

शेवटीं कामाची वांटणी. तिघीजणी असल्यास एकीनें स्वयंपाक, दुसरीनें भांडीं व झाडलोट, तिसरीनें बाजार व हिशेब असें आठवड्यापुरतें वांटून घ्यावें आणि दर रविवारीं पाळी बदलावी. कोणासही एकच काम कायमचें देऊं नये. जी बाई आयुष्यभर एकटीच ओट्याशीं उभी राहते ती स्वयंपाक येत असल्यामुळें नव्हे, तर इतरांस तो येत नसल्यामुळें! मुलींस शिकवूं नये हा त्यावरील उपाय नव्हे. घरांतील प्रत्येकास शिकवावें हा उपाय आहे.

आमच्या स्नेह्यांच्या मुलीचें पुढें काय झालें हें सांगून हा लेख पुरा करितों. दिवाळीच्या सुटींत आईनें तिला दहा दिवस घर चालवावयास दिलें. हिशेबाची वहीही हातीं सोंपविली आणि स्वतः मध्यें बोलली नाहीं. दोन दिवस भात खालीं लागला, एक दिवस आमटी खारट झाली, वडिलांनीं मुकाट्यानें खाल्ली. गोळ्या, हळीव आणि उसळी घेऊन ती पुण्यास परत गेली. उन्हाळ्यांत आली तेव्हां रक्त बरेंच सुधारलें होतें आणि वहींत थोडी शिल्लकही होती. परीक्षेंतील क्रमांक होता तसाच राहिला. परंतु आम्हांस सर्वांत समाधान वाटलें तें निराळ्याच दृश्यानें. त्या सुटींत तिचा धाकटा भाऊ ओट्यापुढें उभा होता आणि ती त्याला सांगत होती, "अरे, शिट्टी झाली, आतां आंच मंद कर." त्यांची आई झोंपाळ्यावर बसून, पुष्कळ वर्षांनीं, एक पुस्तक वाचीत होती.

आमच्या वाचकभगिनींस एवढीच विनंति कीं, येत्या सुटींत मुलीस आणि मुलास, दोघांसही, असे दहा दिवस द्यावे. पेटींत लाडवांचा डबा अवश्य घालावा. त्याबरोबर ही विद्याही घालावी. लाडू आठवड्यांत संपतील. ही जन्मभर पुरेल.